घाणेरीच्या जाळीतला विजय

कानडी मुलखातल्या हेब्बाळच्या तळ्याकाठी आम्हा भावंडांचा एक खेळ असे. बिस्किटांच्या डब्याचं झाकण भिरकावून ओळीने ठरलेल्या झाडांवर आपटायचं, आणि ते पडेल तिथूनच पुढची फेक करायची; जो शेवटच्या झाडाला आधी आपटेल, तो जिंकला. देखावा बघत राहावा असा. पण झाकण जरा तिरकं गेलं की एका बाजूला पाणी, दुसरीकडे काटेरी घाणेरी.

त्या दिवशी शेवटचं झाड, नीलगिरीचं, उरलं होतं. थोरल्या अक्काला मी पहिल्यांदाच हरवणार होतो, आणि माझं झाकण घाणेरीत घुसलं. नियम म्हणजे नियम! मी पोटावर सरपटत आत गेलो. काट्यांनी उगादीचा, म्हणजे पाडव्याचा, नवा सदरा असा धरला, की फक्त मनगट हलत होतं. तेवढ्यानेच फेकलं. टण्ण! नीलगिरीवर बसलं!

"जिंकलो!" मी आतून गरजलो.

"सरी, बरं, राजे. या आता बाहेर," अक्का म्हणाली.

"फांद्या उचल ना गं! सदरा फाटेल."

"जिंकलेल्यांना हरलेल्यांची मदत कशाला? मी स्वल्प, जराशी, घरी जाऊन येते."

तिची पावलं खरंच दूर जाऊ लागली. मग या विजयी वीराने तळ्यातले बगळे उडतील अशा आवाजात जाहीर केलं, "अक्का, तूच जिंकलीस!"