मावशींची लाळ आणि माझी बाटली

सत्तरच्या दशकात मी सोलापुरातल्या एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये नोकरीला होते. रक्तगट तपासायचं सीरम मुंबईहून यायचं आणि आमच्या उन्हात पोचेपर्यंत बऱ्याचदा नासलेलं असायचं. मला त्याचा संताप यायचा. शेवटी मीच डॉक्टरांच्या मागं लागले, की ए गट ओळखायचं सीरम इथंच करू या. त्यासाठी बी गटाचं रक्त लागतं, कारण ए ला धरणारं द्रव्य त्याच्या सीरममध्येच असतं. शहराच्या पूर्व भागातल्या एका विणकरानं ते दिलं, आणि तीन आठवडे खपून मी पहिली बाटली तयार केली. ए गटाच्या रक्ताचा थेंब त्यात पडला की गुठळ्या धरायच्या. मी हवेतच होते.

डॉक्टर मात्र शंकेखोर. गुठळ्या ए मुळंच होतात हे कशावरून, असं त्यांनी विचारलं. सीरममध्ये दुसरंच काही असलं, तर भलत्याच माणसाला ए ठरवू आणि चुकीचं रक्त चढवून त्याचा जीव घेऊ. मग उपायही त्यांनीच सांगितला. ए गटाच्या माणसाच्या लाळेतही ए चा अंश उतरतो. ती लाळ उकळून, निवळून आधी सीरममध्ये घालायची. सीरम खरं असेल तर ते लाळेतल्या ए ला धरून बसतं आणि मग रक्त घातलं तरी गुठळ्या होत नाहीत. झाल्या, तर बाटली ओतून द्यायची.

मी स्वतः ए गटाची. माझी लाळ घातली, रक्त घातलं, आणि गुठळ्या झाल्या. पुन्हा केलं, पुन्हा झाल्या. मला रडूच फुटलं. बाटली घेऊन बेसिनपाशी गेले, तेव्हा डॉक्टरांनी लाळ कुणाची होती ते विचारलं. काही माणसांच्या लाळेत गट उतरतच नाही म्हणे. आता हे आधी सांगायला काय झालं होतं?

लॅबमध्ये ए गटाच्या दुसऱ्या म्हणजे काचसामान धुणाऱ्या मावशी, माढ्याकडच्या. त्यांच्या तोंडात तीळ भिजायचा नाही. पण लाळ मागितली आणि त्या दोन पावलं मागं सरल्या.

"उष्टं औशिदात घालायचं? पाप लागंल की ओ बाई."

औषधात नाही, नुसत्या तपासणीत, असं मी बराच वेळ समजावलं. दुसऱ्या दिवशी त्या मिश्री न लावता, चूळ भरून आल्या आणि पाठ फिरवून, पदराआड ट्यूब धरून उभ्या राहिल्या.

त्यांच्या लाळेच्या ट्यूबमध्ये एकही गुठळी झाली नाही. शेजारच्या, लाळेऐवजी नुसतं मिठाचं पाणी घातलेल्या ट्यूबमध्ये मात्र गच्च गोळा. डॉक्टरांनी दोन्ही उजेडात धरून पाहिल्या आणि बाटलीच्या चिठ्ठीवर सही केली. मावशींच्या पोटात काही राहत नाही, लाळेतूनसुद्धा सगळं सांगून टाकतात, म्हणून आम्ही त्यांना खूप चिडवलं. इतक्या खुशीत मी त्या लॅबमध्ये क्वचितच असेन.

मावशी ट्यूब धुवायला घेताना थांबल्या.

"म्हंजी आता चुकीचं रगत कुनाला जायाचं न्हाय न्हवं?"

नाही जाणार, मी म्हटलं. तीन आठवडे मी बाटलीसाठी जीव टाकत होते. ज्याला रक्त चढायचं त्या माणसाची आठवण आमच्यात डॉक्टरांनंतर फक्त मावशींना झाली होती.