कड्याखालची वाटी

आटपाडीकडच्या आम्हा मेंढपाळांचं निम्मं आयुष्य पाण्यामागे चालण्यात गेलं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन सातारच्या डोंगराकडे निघायचं आणि मृगाच्या आधी माघारी फिरायचं. तिकडच्या पावसात मेंढरांचे खूर कुजतात. उन्हाळ्यात आमचा तळ मेढ्याच्या वरच्या रानात एका काळ्या कड्याखाली पडे. कड्याच्या भेगेतून पाणी झिरपे, तेही थेंब थेंब. आई त्या भेगेला पितळी वाटी लावून बसायची. वाटी भरली की घागरीत ओतायची, पुन्हा लावायची... घागर भरेस्तोवर आम्ही पोरं झोपून जात असू. "ह्याच कड्यावरनं पावसाळ्यात पाणी कोसळतंय म्हंत्यात," ती माझ्या वडिलांना, आबांना म्हणायची, "एकदा दावा की मला." आबा म्हणायचे, "दावतो." पण पाऊस यायचा तेव्हा आम्ही तिथं नसायचो. आई ते न बघताच गेली.

मी शिकलो. सांगलीला बोर्डिंगात राहून, स्वतःच्या हातानं भाकरी थापून बी.ए. झालो. आमच्या वस्तीतला पहिला. हे मी अभिमानानं सांगतो, त्यात लाजायचं काय? साताऱ्याला शाळेत मास्तरकी मिळाली, तसं आबांनी मनावर घेतलं. "आता तू हितं हाईस. श्रावणात येतो. येक दिस जाऊ, पाणी बघू, सांजच्याला माघारी." पण लढाई चालू होती. पेट्रोल नाही, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या आणि चढाला उतारूंनी ढकलाव्या लागायच्या. "मेंढरं हाकण्यात जल्म गेला, आता मोटार हाकू व्हय?" म्हणून त्यांनी तो श्रावण सोडला. पुढच्या श्रावणात मेंढरांत रोग शिरला. असं करता करता लढाई संपली.

यंदा वैशाखात, माघारी जाताना, मेंढरं गावाबाहेर ठेवून ते माझ्या खोलीवर आले. खुर्ची दिली तरी उंबऱ्याशीच बसले. बेत त्यांनी वाटेनं येतानाच पक्का केला होता.

"श्रावणातल्या पयल्या सोमवारी पयली मोटार धरायची. भाकरी आन् ठेचा. छत्री न्हाई घ्यायची, वारं उलटी करतंय."

"आबा, भिजून आजारी पडाल."

"मी काय मेंढरू हाय व्हय रं, कुजायला?"

"आणि मेंढरं कोण बघणार?"

"तुझा दाजी. त्याला सांगून ठेवलंय, बी.ए.च्या बापाला येक दिस सुट्टी हाय म्हनून."

मग झोळीतून त्यांनी आईची वाटी काढली आणि कोनाड्यात ठेवली. "ही हितंच ऱ्हाऊ दे. निघताना घाईत इसरायचो." मी हसलो. धबधब्याखाली वाटी कशाला, म्हणालो. ते हसले नाहीत. "तुझ्या आयनं थेंबाथेंबानं भरली. येकदा भडाभडा भरल्याली बघायची हाय."

आषाढात दाजी शाळेच्या दारात येऊन उभे राहिले. डोक्याला पटका नव्हता. मला कळलं... आबांचा ताप डोक्यात गेला होता. कार्य उरकून मी परतलो, कुलूप काढलं, तर कोनाड्यात वाटी.

सोमवारची रजा आधीच मागून ठेवली होती. ती रद्द करावीशी वाटेना. पहिली मोटार धरली. भाकरी सवयीनं दोघांच्या बांधल्या गेल्या होत्या. मेढ्याच्या पुढं, चिखलात भात लावणाऱ्या एका म्हाताऱ्यानं हटकलं, "आवं पाव्हणं, पावसात येकटंच कुणीकडं?"

"धबधबा बघायला."

"त्यात काय बघायचं? पाणीच हाय की!" तो हसून पुन्हा वाकला. बरोबरच होतं त्याचं. पाण्यात जन्म गेलेल्याला ते काय सांगायचं? सांगितलं असतं ते ज्याला कळलं असतं, तो माणूस बरोबर नव्हता.

वर धुकं इतकं की कडा दिसेना, नुसता आवाज. पायाखालची वाट मात्र पायांना ठाऊक होती. बराच वेळ एका दगडावर बसून राहिलो. शेजारी जागा ठेवली होती, हे उठताना लक्षात आलं. धुकं जरा फाकलं आणि ते दिसलं... जिथं आमची चूल असायची तिथंच पांढरं पाणी आदळत होतं. पुढं होऊन वाटी धरली, तर पाण्यानं ती हातातून उडवली. दगडांत चाचपून काढली, पुन्हा धरली. पुन्हा रिकामी. एवढ्या पाण्यात वाटी भरेना. शेवटी कड्याला पाठ घासत आईच्या भेगेपाशी गेलो. तिथूनही आता धार लागली होती. तिथं धरली.

वाटी आता कोनाड्यात आहे. एका बाजूला पोचा आला आहे, तो मी काढून घेणार नाही. संध्याकाळी शाळेतून आलो की हात आधी तिच्याकडे जातो, माठातलं पाणी तिनंच पितो. खोलीत दुसरं कुणी नसतं. आबांनी ठरवलेली सहल श्रावणातल्या त्या सोमवारी झाली. आईची वाटी एका दमात भरली.