व्होल्टेज उतरवल्यावर

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात सुटे स्क्रू आणि किस्से कधी साठतात, कळतच नाही. स्क्रू निदान डबीत तरी राहतात!

घाटकोपरला मी आणि संदेश मिळून दुकान चालवतो. तापणाऱ्या डेस्कटॉपच्या प्रोसेसरचं व्होल्टेज किंचित उतरवून द्यायचं, हे माझं काम. वेग तोच, मशीन थंड, पंखा गप्प.

एक काका भलतेच घाबरले. "ताई, त्याला अशक्तपणा नाही ना येणार?"

संदेश म्हणाला, "काका, मीठ कमी केल्यावर माणूस मरतो का? उलट बीपी उतरतं!"

*

व्होल्टेज जास्तच उतरवलं, तर मशीन मध्येच बंद पडतं. मुलुंडच्या एका जोडप्याचं पडायला लागलं. पण फक्त लग्नाच्या व्हिडिओत, आणि तेही एकाच जागी. अंतरपाट दूर होतो ना, बरोबर तिथे!

मी व्होल्टेज मूळ पदावर आणलं. तरी तेच. व्हिडिओ दुसऱ्या मशीनवर लावला, तर तेही तिथेच बंद!

"फाइल खराब असेल," मी म्हटलं.

नवरा मान डोलावत होता. बायको हळूच म्हणाली, "पुसून टाका. तेव्हा माझ्या मागे कोण उभं होतं, मला माहितीये."

*

बोरिवलीच्या एका सरांची मांजर उबेसाठी कॅबिनेटवर झोपायची. मी मशीन थंड केलं आणि तिने जागाच सोडली. सर माझ्यावर नाराज!

महिन्याभराने फोन आला, "मिनल, परत बसायला लागली गं!"

म्हणजे मशीन पुन्हा तापतंय. मी सरांच्या घरी गेले. मांजर गाढ झोपलेली. कॅबिनेटला हात लावला, चांगलंच गरम!

"सर, किती वेळ चालू आहे हे?"

"चालू? चार दिवस प्लग काढून ठेवलाय."

*

आणि शिंदेकाकू. काका गेल्यावर त्यांचा डेस्कटॉप काकू वापरायच्या. पंखा नुसता ट्रॅक्टर! मी त्यांच्या घरी जाऊन व्होल्टेज उतरवलं. खोली एकदम शांत झाली. काकूंनी खूश होऊन चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी मी शटर वर करतेय, तर काकू मशीन घेऊन रिक्षातून उतरल्या.

"पहिल्यासारखं करून दे गं."

"का काकू? परत तापतंय?"

"नाही. थंडगार आहे. आवाजसुद्धा नाही."

"मग झकासच झालं ना!"

काकूंनी मागे वळून रिक्षाकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाल्या,

"अगं, त्या घरघरीत ह्यांचा खोकला ऐकू यायचा नाही."