हेल्मेट उसवणारे मास्तर

१४ ऑक्टोबर. चार हजार सातशे पन्नास रुपये. तळ्यावरचा नौकाविहार क्लब बंद झाला, तेव्हा सामानाच्या विक्रीतली शेवटची पावती मी एवढ्या रकमेची फाडली. क्लबचे हिशेब मी फावल्या वेळात बघत असे. वस्तू होती दोन माणसांची पिवळी कयाक, म्हणजे प्लॅस्टिकची लांबट, अरुंद होडी. तिच्यात पाय पसरून बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्याने ती हाकायची. घेणारे होते आमच्या रस्त्यावरचे शिंपी. त्यांना लहानथोर सगळे मास्तर म्हणतात.

मास्तरांचा डावा पाय लहानपणीच्या तापात गेला. गेला म्हणजे आहे, पण मनगटाएवढा. ते कुबडीवर चालतात. त्यांच्या दुकानात शिलाई मशीन, इस्त्रीचं टेबल आणि स्वतः मास्तर मावले की जागा संपते, माप देणाऱ्या गिऱ्हाइकाला एक पाय पायरीवर ठेवूनच उभं राहावं लागतं. गेली बावीस वर्षं माझ्या पँटी तेच शिवतात. कमरेत पाच वेळा सैल कराव्या लागल्या, पण त्यांनी एकदाही टोमणा मारला नाही. फक्त शिवणीत दोन इंच कापड आधीच जास्तीचं ठेवू लागले.

"मास्तर, तुम्ही आणि होडी?" पावती देताना मी विचारलं.

"साहेब, पायांचं काही काम नाही असं हे एकच वाहन मला दिसलं. आणि मला हेल्मेट धरायचेत."

हेल्मेट हा मासा. हा मूळचा इथला नाही. काचेच्या टाकीतलं शेवाळ चाटायला म्हणून दुकानात बोटाएवढा मिळतो. वाढला की लोक तळ्यात सोडतात आणि तिथे तो हातभर होतो. अंगावर हाडाच्या पट्ट्या, त्यांना काटे. काठ पोखरून बिळं करतो, दुसऱ्या माशांची अंडीही सोडत नाही. जाळ्यात अडकला की जाळं कापूनच काढावा लागतो. मासेमार त्याला शिव्या देत काठावर फेकायचे. खात कोणी नव्हतं, कारण सुरी त्याच्यावरून घसरते आणि तोंड बघून भूक मरते.

मास्तरांचे भाऊजी, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान, त्या तळ्यावर तीस वर्षं मासेमारी करत आलेले. त्या वर्षी हेल्मेटने त्यांची चार जाळी फाडली. शेवटी त्यांनी दूरच्या शहरात एका गोदामावर पहारेकऱ्याची नोकरी धरली. एक नोव्हेंबरला हजर व्हायचं होतं. राहायला मिळणार होती एका माणसापुरती खोली, म्हणून ताई इथेच राहणार होती.

"शाळेत तीन वर्षं मला खांद्यावर बसवून कोणी नेलं, ठाऊक आहे?" मास्तर पावतीची घडी घालत म्हणाले. "भाऊजींनी. तेव्हा कसले भाऊजी, शेजारचा दांडगा पोरगा! मी त्याचे कान धरून बसायचो. अजून बघा, कान केवढे आहेत. आणि आता हा माणूस म्हातारपणी परक्या फाटकाशी जाऊन बसणार. का? तर एक मासा आपल्याला खाता येत नाही म्हणून!"

मी हसायला हवं होतं, पण मला हसू आलं नाही. आठ वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसातली काचेची टाकी भंगारात काढली होती. टाकीची रीतसर नोंद झाली, तिच्यातल्या शेवाळ चाटणाऱ्या माशासाठी मात्र कुठलाच नियम नव्हता. शिपायाला बरोबर घेऊन मी बादली तळ्यावर नेली आणि माझ्या हातांनी त्याला पाण्यात सोडलं. एक जीव वाचवला म्हणून त्या संध्याकाळी मी खुशीत चालत घरी गेलो होतो.

हे मी मास्तरांना सांगून टाकलं.

"म्हणजे तळ्यात आहेत ती सगळी तुमची नातवंडं!"

"एकट्याने संसार होत नाही, मास्तर. माझ्यासारखे शहाणे आणखी असणार."

"असतील. पण सापडलेत तुम्ही. रविवारी सकाळी सहाला या. पुढची सीट तुमची."

रविवारी भाऊजींनीच कयाक हातगाडीवर घालून काठाला आणली, तोंड वाकडं करून. "मास्तर, हे केळं उलटलं तर मी बघायलाही येणार नाही," असं बजावलं, आणि आम्ही परत येईपर्यंत काठावरून हलले नाहीत.

जन्मभर कुबडीवर भार टाकून मास्तरांचे दंड पैलवानासारखे झाले आहेत. दोन हात मारले की होडी सरळ निघायची. मी वल्हं मारलं की ती गोल फिरायची. "तुम्ही फक्त बसा, साहेब, वजन कामाला येतंय," असं त्यांनी मला सांगितलं. एवढ्या वर्षांत मारलेला पहिला टोमणा.

काटे जाळ्यात अडकतात म्हणून मास्तरांनी जाळीच वापरली नव्हती. जुन्या जीनच्या पँटचा एक पाय कापून, खालून शिवून, लोखंडी कडीवर बसवला होता. पाणी निघून जायला त्याला, बुटाच्या नाडीला असतात तसे, पितळी डोळे ठोकले होते. जुन्या धक्क्याच्या खांबांपाशी हेल्मेट हवा घ्यायला वर येतात. इंजिनाचा आवाज झाला की पळतात, पण कयाकचा आवाज नव्हता. तासाभरात सात मासे त्या पँटीत गेले.

आठव्याचा काटा पितळी डोळ्यात अडकला.

"डब्यातली कात्री द्या," मास्तर म्हणाले.

ती त्यांची कापड कापायची नऊ इंची कात्री. शिकाऊ असताना त्यांच्या मालकाने दिलेली. मासा कापायलाही तीच लागेल म्हणून आणली होती. ती द्यायला मी मागे वळलो, होडी डगमगली आणि कात्री धरलेल्या हातानेच मी होडीचा काठ पकडायला गेलो. टुबुक! तिथे पाणी दोन पुरुष खोल, खाली गाळ.

"जाऊ दे," मास्तर म्हणाले. "हेल्मेट खाली शिवणकाम काढतील." पण काठाकडे वळण्याआधी त्यांनी त्या जागेभोवती होडी दोनदा फिरवली.

ताईच्या स्वयंपाकघराच्या दाराशी भाऊजींची ट्रंक उघडी पडली होती. तळाशी दोन स्वेटर, वर चहाचं भांडं. ताईने माशांकडे पाहिलं आणि ओट्यासमोर आडवी उभी राहिली.

"हे इथे नाही यायचं. बघ, कसा माझ्याकडे बघतोय!"

"ताई, एकदाच. नाही जमलं तर ओटा मी घासून देतो."

मास्तर जमिनीवर बसले, मांडीवर वर्तमानपत्र पसरलं आणि मासा घेतला. ताईची सुरी दोनदा घसरली. मग सुरी ठेवून ते माशावरून अंगठा फिरवत राहिले. कापडाचा पोत बघतात तसे.

"अगं, ह्याने कोट घातलाय," ते म्हणाले. "कोट कापायला कशाला हवा? उसवू या."

खिशातून त्यांनी टाके उसवायचं अर्धं ब्लेड काढलं. हाडाच्या पट्ट्यांच्या दोन ओळींमध्ये नुसती कातडी असते. पोटाच्या बाजूने, शेपटीकडून डोक्याकडे, ते शिवणीवरून गेल्यासारखे गेले. दहा मिनिटांत कोट एकीकडे आणि पांढरं मांस एकीकडे. हातात कात्री असती तर आडवी चालवली असती आणि हाडाचा चुरा मांसात गेला असता, असं ते नंतर मला म्हणाले. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील. मी ते मानून घेतलं.

ताईने मीठ, मिरपूड, लिंबू लावून तुकडे तेलात परतले. भाऊजी जेवायला बसलेच नाहीत, उभ्यानेच एक तुकडा तोंडात टाकला. आम्ही तिघं त्यांच्या जबड्याकडे बघत होतो.

"काटा नाही," ते म्हणाले. मग, "अजून आहे?"

"ट्रंकेत भरून देऊ का?" ताई म्हणाली.

ऑफिसच्या कॅन्टीन समितीवर मी बारा वर्षं आहे. आचारी म्हणाला, "साहेब, हेल्मेट? लोक माझ्याच डोक्यात घालतील!" फळ्यावर नुसतं 'तळ्यातला मासा' लिहू, अशी त्याची सूचना होती. मी पूर्ण नाव लिहायला लावलं. ज्या तळ्याचं पाणी आपण रोज नळाने पितो, त्यातला मासा लपवायचा कशाला? गुरुवारी भाऊजींनी कयाकमधून धरलेल्या माशांची चाळीस ताटं केली होती. एक वाजून दहा मिनिटांनी पातेलं रिकामं झालं. तक्रारी दोन आल्या, दोन्ही कमी पडल्याच्या. समितीने आठवड्याला दोन दिवसांची मागणी नक्की केली. किलोभर माशाला पावशेरच मांस निघतं, म्हणजे भाऊजींना जास्त मासे धरावे लागणार होते. तळ्याला तेच हवं होतं.

२९ ऑक्टोबरला भाऊजींनी माझ्यासमोर गोदामाला फोन लावला. "नाही जमणार. घरीच काम निघालंय." ताईने ट्रंकेतलं चहाचं भांडं उचललं, विसळलं आणि त्यातच आमच्यासाठी चहा ठेवला.

आता आठवडाभर कयाक भाऊजींकडे असते आणि रविवारी मास्तर आणि मी जातो. तळ्यातले हेल्मेट संपलेले नाहीत, माझ्या हयातीत संपणारही नाहीत. पण मार्चअखेर मी निवृत्त होतो आहे, आणि आठ वर्षांपूर्वीची ती बादली निस्तरायला कोणीतरी मला होडीत पुढची जागा दिली, ह्याबद्दल मी मास्तरांचा फार ऋणी आहे. हे त्यांना तोंडावर सांगितलं तर ते टेप काढून माझी कंबर मोजतील, म्हणून इथे लिहिलं.

तळ्यात गेली तशी नऊ इंची कात्री मला बाजारातल्या तिन्ही दुकानांत मिळाली नाही. एका लोहाराकडे करायला दिली आहे. तोवर मास्तर सात इंचीवर भागवतात. लोहाराने कात्री अजून दिलेली नाही.