तळ्याखालच्या मोहल्ल्यातून देवासच्या नव्या घरात

“घर झालं! माझ्या एकटीच्या नावावर! तू येणार नसशील तर मी कुलूपच उघडणार नाही,” संगीता फोनवर अक्षरशः ओरडली. मी त्याच संध्याकाळी पुणे–इंदूर रेल्वेचं तिकीट काढलं.

संगीता माझी पुण्यातल्या हॉस्टेलची मैत्रीण. ती मूळची धारची, आणि आमचंही आजोळ धारचंच. आईचे वडील तिथल्या पवारांच्या दरबारात कारकून होते. त्यामुळे हॉस्टेलमध्ये आम्ही दोघी ‘धारवाल्या’. शिक्षण झाल्यावर ती देवासच्या एका औषध कारखान्यात तपासनीस म्हणून लागली आणि इतकी वर्षं भाड्याच्या खोल्या बदलत राहिली. आता वास्तुशांत होती, आणि माझ्यावर एक कामगिरी होती: धारला उतरायचं आणि तिच्या आईला, सरूमावशीला, घेऊन देवासला यायचं. “आठ दिवस झाले, ती नाहीच म्हणतेय. तुझं ऐकेल,” संगीता म्हणाली.

इंदूर स्टेशनाबाहेर शेव आणि जिरावण मसाला घातलेले पोहे आणि गरम जिलबी खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. गंगवाल स्टँडवरून धारच्या बस दर थोड्या वेळानं सुटतात. दोन तास धरून चाला, तिकीट शंभराच्या आसपास. खिडकी डावीकडची घ्या. वाटेत पीथमपूरला कामगार नेणाऱ्या शिफ्टच्या बसगाड्या दिसतात, मग एकदम गव्हाची हिरवी शेतं सुरू होतात. हिवाळ्यात गेलात तर माळव्याची हवा काय असते ते कळेल. मी तर लहान मुलीसारखी खिडकीला नाक लावून बसले होते.

धारला सामान स्टँडजवळच्या लॉजवर टाकलं आणि रिक्षा केली. पत्ता सांगताच रिक्षावाल्यानं वळून पाहिलं. “तालाब के नीचे? मैडम, वहाँ किससे काम है?”

“मेहमान हूँ, भिया.”

तो मोहल्ल्याच्या तोंडाशीच थांबला. आत गाडी वळत नाही म्हणाला. आत दोन रिक्षा उभ्या होत्या.

सरूमावशी सत्तरीच्या. दारातच शिलाई मशीन, बाजूला शाळेच्या दप्तरांचा ढीग. मी नाव सांगितलं, आजोबांचं आडनाव सांगितलं, आणि त्या ताडकन उभ्या राहिल्या.

“म्हणजे कारकुनांची नात? या, बाईसाहेब, बसा. तुमचं घर मला माहीत आहे.”

“कसं?”

“मागल्या दारानं. तुमच्या आजोबांच्या बैलगाडीचे पट्टे, पेटीच्या वाद्या, सगळं आमच्या घरातून शिवून जायचं. मी पोचवायला यायची. पायरीवर ठेवायचं. तहान लागली तर तुमची आजी वरून पाणी ओतायची ओंजळीत.”

त्या हे रागानं सांगत नव्हत्या. इथून बाजार किती लांब, हे सांगावं तसं सांगत होत्या. मला मात्र कुठं बघावं कळेना. दहा उन्हाळे मी धारमध्ये काढले. किल्ल्यावर गेले, तळ्यावर रोज गेले. तळ्याच्या पुढे जाऊ लागलो की मामा म्हणायचा, “पलीकडे खड्डा आहे.” तो खड्डा म्हणजे हा मोहल्ला. आमच्या दारापासून चालत पंधरा मिनिटं. हॉस्टेलमध्ये तीन वर्षं एका खोलीत राहून मी संगीताला कधी नीट विचारलं नव्हतं की तू धारमध्ये नक्की कुठली. ती “तळ्याच्या बाजूला” म्हणायची आणि मी आमच्या बाजूचं तळं डोळ्यांपुढे आणायची.

मावशींनी चहा केला. मी पीत असताना त्या कपाकडे बघत होत्या.

“मला बाईसाहेब म्हणू नका, मावशी.”

“मग काय म्हणू?”

“संगीताला म्हणता तसं.”

“तिला मी गाढव म्हणते,” त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी खदखदून हसलो.

मग खरं कारण बाहेर आलं. संगीतानं आधी दोन घरं पाहिली होती. दोन्हीकडे बोलणी पक्की झाली, आडनाव विचारलं गेलं, आणि दुसऱ्या दिवशी घर ‘विकलं गेलं’ असा निरोप आला. तिसऱ्या वेळी तिनं फक्त स्वतःचं आणि वडिलांचं नाव पुढे केलं. कॉलनीतल्यांना कळलं ते एवढंच की बाई मराठी आहे, धारची आहे. पुढचं, म्हणजे दरबारी घराण्यातली असणार हे, त्यांनी आपल्या मनानं धरून घेतलं. तिनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

“मला बजावलंय, तिथं फार बोलू नकोस म्हणून,” मावशी म्हणाल्या. “इथं हाक मारली तर चार दारं उघडतात गं. तिथं तोंडाला कुलूप लावून किती वेळ बसू?”

मी बसची वेळ तेवढी सांगितली आणि हिरमुसून लॉजवर परतले. पण सकाळी आठला त्या नवं लुगडं नेसून स्टँडवर माझ्या आधी हजर. “लेकीचं घर आहे. बघायला तर हवं.”

धारहून इंदूर, तिथं बस बदलून देवास. सगळा मिळून साडेतीन तासांचा प्रवास, आणि मावशी सबंध वाट बोलत होत्या! देवासला उतरल्यावर आधी टेकडी, मग घर, असा त्यांचा हुकूम. पायऱ्या चढवत नसतील तर रोपवे आहे. वर तुळजाभवानी आणि चामुंडा, दोन्ही देव्यांचं दर्शन होतं आणि खाली अख्खं देवास पसरलेलं दिसतं. मी उत्साहानं सांगायला लागले, की इथं दोन भावांची दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती, एकाच गावात वाटणी. मावशी गुडघे चोळत म्हणाल्या, “असेल. दोघांच्या घोड्यांना खोगिरं मात्र आमच्याच लोकांनी शिवली.”

संगीताचं घर! दोन खोल्या, छोटं स्वयंपाकघर आणि वर लिंबाच्या रंगाची गच्ची. झेंडूच्या माळा, दारात रांगोळी. मावशी प्रत्येक भिंतीवरून हात फिरवत होत्या. गच्चीवर पंगत, दाल-बाफले, चुरम्याचे लाडू, तुपाचा घमघमाट. कॉलनीतली तीसेक माणसं आली होती. संगीता नुसती उडत होती.

त्यात एक निवृत्त गृहस्थ होते, मराठी बोलायला मिळालं म्हणून खूष. ताट घेऊन ते मावशींच्या शेजारी बसले. “धारचे म्हणजे पवार सरकारांबरोबर आलेले! वा! कोणत्या घराण्यातले आपण?”

संगीता वाढता वाढता थांबली. मावशींनी एकदा तिच्याकडे पाहिलं.

“तळ्याखालच्या मोहल्ल्यातले,” त्या म्हणाल्या, नेहमीच्या मोठ्या आवाजात. “सरकारांबरोबरच आलो. खोगिरं शिवणारे आम्ही. चामड्याचं काम.”

गृहस्थांनी ताट हळूच कठड्यावर ठेवलं, औषधाची वेळ झाली म्हणाले आणि जिना उतरले. त्यांच्यामागून दोन कुटुंबं गेली. संगीतानं त्यांची अर्धवट ताटं उचलायला घेतली. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात समोरच्या घरातली रेखा बोलली. ही बदनावर गावची, माळवी, दणदणीत बाई.

“अम्माजी, बस्ता सिलना जानती हो? मेरी छोरी के बस्ते का पट्टा टूट गया है.”

सगळे ताठरले. दप्तर शिवायला सांगणं ही कुचेष्टा की काय?

मावशी हसल्या. “जानती हूँ. पहले बैठ के खा. बस्ता कल ला. और मेहनताना लूँगी.”

“तो क्या, फोकट में थोड़ी!” असं म्हणून रेखानं मांडी घातली आणि दुसरा बाफला मागून घेतला.

मग सगळ्यांना हसू फुटलं. उरलेली माणसं पोटभर जेवली. स्वयंपाकघरात संगीता रडत होती. “आई, सांगितलं होतं ना मी.”

“घर तू घेतलंस. लपून राहायला घेतलंस का?” मावशी म्हणाल्या आणि तिच्या तोंडात लाडू कोंबला. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी बाजारात जाऊन नावाची पाटी करायला टाकून आलो. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. दुकानात संगीता जितकी खूष होती, तितकी मी तिला पदवीच्या दिवशीही पाहिली नव्हती.

ते गृहस्थ अजून संगीताशी बोलत नाहीत. मावशी पंधरा दिवस देवासला, पंधरा दिवस धारला असतात. दोन्हीकडे मशीन आहे.

मी पुण्याला परतले त्याच आठवड्यात आमच्या इमारतीची सभा होती. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्यानं द्यायचा होता. मालक म्हणाले, “कुटुंब चांगलं आहे, पण आडनाव बघून मी त्यांना ‘नाही’ म्हणून सांगितलं. तुम्हा सगळ्यांचा विचार करून.” मी उठले आणि म्हणाले, माझा विचार करून ‘नाही’ म्हणू नका, त्यांना परत फोन करा.

मालक चकित झाले. “मागच्या वेळीही असंच केलं होतं मी. तुम्ही समोरच बसला होतात. तेव्हा काही बोलला नाहीत.”

“नाही बोलले,” मी म्हणाले. “आता बोलतेय.”