पाण्यात बावीस, वर्तणूक चांगली

निवडून आलेल्या माणसांना हाताची घडी घालायला लावणारा नगरसेवक उभ्या खानदेशात एकच झाला आणि तो माझा चौथीचा गुरुजी होता, हे सांगताना आजही माझी छाती फुगते. दुसऱ्या गावांनी आमदार दिले, मंत्री दिले, साखर कारखान्याचे चेअरमन दिले. आमच्या गावाने गुरुजी दिले. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. जळगावहून धुळ्याला जाताना लागतं एवढं पुरे. नाव छापलं तर गुरुजी हा लेख मिळवून वाचतील, आणि वाचतील म्हणजे लाल पेन घेऊनच वाचतील.

नगरपालिकेच्या शाळा नंबर चारमध्ये सबंध नोकरी करून गुरुजी निवृत्त झाले. सत्काराची शाल त्यांनी घडी न मोडता कपाटात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी साडेदहाला पुन्हा शाळेत जाऊन बसले. नव्या मास्तरांनी आठ दिवस कळ काढली आणि मग गावातल्या जाणत्यांकडे गाऱ्हाणं नेलं. जाणत्यांनी तोडगा काढला की गुरुजींना शिक्षण मंडळावर घ्यावं, म्हणजे त्यांना शाळेत यायला रीतसर कारण मिळेल आणि त्रास एकाच शाळेला न होता सगळ्यांना वाटून होईल. तेव्हा पालिकांना शिक्षण मंडळं असत. इतर सदस्यांची शाळाभेट म्हणजे हेडमास्तरांच्या खोलीत भजी आणि चहा. गुरुजी मात्र न कळवता लुनावर यायचे, शेवटच्या बाकावर बसायचे आणि तास संपेपर्यंत हलायचे नाहीत. एकदा एका नव्या बाईंचा फळ्यावर भागाकार चुकला, तर मंडळाच्या या सन्माननीय सदस्यांनी बोट वर केलं आणि बाईंनी ‘बोला’ म्हणेपर्यंत खाली घेतलं नाही. पोषण आहाराची खिचडी ते पोरांच्या पंगतीत मांडी घालून खात. मंडळाच्या जुन्या इतिवृत्तात ‘खिचडीला फोडणी असावी’ असा ठराव आजही सापडेल. सूचक गुरुजी, अनुमोदक कोणी नाही.

पुढे सरकारने मंडळंच बरखास्त केली. गाव म्हणालं, सुटलो. गुरुजींनी नगरसेवकपदाचा अर्ज भरला आणि निवडून आले, कारण प्रभागातल्या निम्म्या घरांत त्यांचा मार खाल्लेला एक तरी माणूस होता. पालिकेच्या सभागृहात तर निम्म्याहून जास्त होते. पहिल्या सभेला मी गॅलरीत बसलो होतो. गुरुजी दारातून आत आले आणि नगराध्यक्षांसकट अर्धं सभागृह उभं राहिलं. उरलेल्या अर्ध्याला वाटलं राष्ट्रगीत आहे, म्हणून तेही उभं राहिलं. ‘बसा’ असं गुरुजी म्हणाले तेव्हा कुठे सभा सुरू झाली. मग एक सभासद टेबलाखाली मोबाइल बघत बसले, तर गुरुजींनी बोलता बोलता त्यांच्यापुढे नुसता हात केला. पन्नाशीच्या त्या माणसाने, ज्याचे गावात दोन पेट्रोलपंप आहेत, निमूटपणे मोबाइल त्या हातावर ठेवला. सभा संपल्यावर तो परत मिळाला, तोही ‘पुन्हा असं होणार नाही’ म्हटल्यावर. गॅलरीतल्या आम्हा लोकांचं हसून हसून पोट दुखलं होतं.

गावात चौकाचौकात वाढदिवसांचे फ्लेक्स. गुरुजींनी मात्र घराच्या ओट्यावर शाळेतला जुना फळा टांगला होता. वर सुविचार, खाली ‘आज केलेली कामे’ आणि त्याखाली ‘आज न झालेली कामे’. दुसरी यादी नेहमी लांब असायची आणि ती वाचायला लोक मुद्दाम वाट वाकडी करून यायचे. त्यांच्या बायकोला सगळं गाव अक्का म्हणतं. अक्कांना या कशाचंच नवल नव्हतं. त्या मला म्हणाल्या, “लगीनमा भी यास्नी भटजीन्या चुका काढ्यात. मी तवयच वळखी लिन्हं.”

आता मुद्द्याची गोष्ट. शाळा नंबर चार हायवेच्या कडेला आहे. भोवतीची घरं बदलली, इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बसेस सुरू झाल्या, पट घसरत घसरत एका वर्गात बोटांवर मोजण्याइतकी पोरं उरली. मग पालिकेत प्रस्ताव आला की ही शाळा बंद करून पोरं हायवेपलीकडच्या शाळेत पाठवावीत आणि जागेवर व्यापारी गाळे काढावेत. गुरुजींनी तो दोन वेळा हाणून पाडला. एकदा तर ते नगराध्यक्षांना एवढंच म्हणाले, “तू हायवे ओलांडून शाळेत आला असतास का? तुला तर गटार ओलांडायची भीती वाटायची.” नगराध्यक्षांनी विषय पुढच्या सभेवर ढकलला. पण सगळ्यांना ठाऊक होतं की गुरुजी सभागृहात आहेत तोवरच शाळा आहे. ते पडले की शाळाही पडली. म्हणून त्यांची दुसरी निवडणूक ही आम्हा जुन्या विद्यार्थ्यांना आमचीच परीक्षा वाटू लागली. मी दुकान पुतण्यावर सोपवून महिनाभर प्रचाराला जुंपून घेतलं.

आणि ऐन रंगात गुरुजींनी तो घोळ घातला. पाच वर्षांचा कार्य-अहवाल काढायचा असं ठरलं होतं. इतर उमेदवारांचे अहवाल गुळगुळीत कागदावर, हात जोडलेल्या फोटोंसकट निघाले. गुरुजींनी प्रगतिपुस्तक छापलं. विषय: रस्ते, गटारी, दिवे, पाणी, शाळा, वर्तणूक. समोर शंभरपैकी मिळालेले गुण, स्वतःच स्वतःला दिलेले. दिव्यांत एकाहत्तर, गटारीत चाळीस, पाण्यात बावीस. शेरा होता, ‘विद्यार्थी मेहनती आहे, पण पाइपलाइनकडे लक्ष नाही.’ वर्तणूक: ‘चांगली. सभेत फार बोलतो.’ सगळ्यात खाली ‘पालकाची सही’ आणि एक कोरी रेघ. छापखान्यातून आलेल्या गठ्ठ्यातलं पहिलंच पुस्तक उचलून मी गुरुजींपुढे धरलं.

“गुरुजी, पाण्यात पस्तीस तरी द्या,” मी काकुळतीला आलो.

“कुठून देऊ? आठव्या दिवशी नळ येतो.”

“अहो, सगळ्या गावाला आठव्या दिवशी येतो.”

“सगळा वर्ग नापास झाला म्हणून तू पास होत नाहीस,” गुरुजी म्हणाले आणि गठ्ठा लुनावर बांधून निघाले.

दारोदार ते पुस्तक गेलं. एका म्हाताऱ्या मावशींनी नातवाकडून वाचून घेतलं आणि ठणकावलं, “बावीस भी जास्त दिन्हात गुरुजी. मन्हा नळले तं नुसती हवा येस.” गुरुजींनी तिथेच खिशातून पेन काढून बावीसचे वीस केले आणि मावशींचे आभार मानले. विरोधातला उमेदवार प्लॉटच्या धंद्यातला तरणा गडी होता. त्याने आयतं मिळालेलं हत्यार सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी बसस्टँडसमोर तेच प्रगतिपुस्तक दहा फुटी फ्लेक्सवर झळकलं आणि वर लिहिलं होतं, ‘नापास उमेदवाराला वरच्या वर्गात घालू नका.’ मी संतापलो. गुरुजी फ्लेक्स वरपासून खालपर्यंत वाचून म्हणाले, “शुद्धलेखन नीट आहे. माझ्याच हाताखालचा दिसतो.”

पण तिसऱ्या दिवसापासून चमत्कार सुरू झाला. प्रगतिपुस्तकं परत येऊ लागली, सह्या होऊन. बायकांनी केलेल्या, रिक्षावाल्यांनी केलेल्या, कुणाचा अंगठा. कुणी शाळेपुढचे गुण खोडून शंभर लिहिले होते, कुणी ‘गुरुजी तब्येतीला जपा’ एवढंच. ओट्यावर गठ्ठे लागले. माझ्या अंगात वारं संचारलं. मी सह्या मोजायचो आणि रिक्षाच्या भोंग्यावरून ओरडायचो की शाळा वाचली, शाळा वाचली. मतमोजणीच्या दिवशी गुलालाची पोती मीच आणली, आणि गुलाल फुकट जाऊ नये म्हणून पहिल्या फेरीलाच थोडा उधळूनही घेतला. तिसऱ्या फेरीअखेर प्लॉटवाला पुढे होता आणि पुढेच राहिला. गुरुजी पडले.

माझ्या कपाळावर अजून गुलाल होता. मी म्हटलं, “गुरुजी, एवढ्या लोकांनी सह्या केल्या, मग मतं गेली कुठे?” ते शांतपणे म्हणाले, “अरे, नापास पोराच्या पुस्तकावरही बाप सही करतोच की.” हे मला आधी सुचायला हवं होतं. माझ्या वडिलांनी अशा किती सह्या केल्या होत्या.

आता गुरुजी चार दिवस घराबाहेर पडणार नाहीत असं सगळ्यांनी धरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला लुना पुन्हा गल्लीत. मागे मीही निघालो. लोकांना वाटलं गुरुजी जाब विचारायला आले. कुणी न्हाणीत शिरलं, कुणी पोराला पुढे करून ‘बा घरी नाही’ म्हणायला लावलं. गुरुजी ओट्यावर बसत, मांडीवर शाळेत नावं घालायची दाखल्याची वही उघडत आणि आतल्या माणसाला ऐकू जाईल असं म्हणत, “मत नही दिन्हं ते चाली. पोऱ्या ते दे. पट भरना का शाळा कोणी बंद करू शकत नही.” आतला माणूस खाली मान घालून बाहेर यायचा. मत न दिल्याची लाज इतकी होती की पोरगं नाही म्हणायला तोंडच उरलं नव्हतं. मावशींनी नातू दिला. रिक्षावाल्याने जुळ्या पोरी दिल्या. त्या पंधरवड्यात प्रचारापेक्षा जास्त दारं झाली आणि मला तर वाटतं, निवडणुकीपेक्षा जास्त रंगत आली. जूनमध्ये पहिलीचा वर्ग भरला, बाकं पुरेनात म्हणून सतरंज्या आणल्या. गाळ्यांचा प्रस्ताव फायलीत गेला आणि अजून फायलीतच आहे.

सगळ्या गल्ल्या झाल्यावर गुरुजी शेवटी माझ्या घरी आले. माझा मुलगा त्या वर्षी पहिलीत जाणार होता. हायवेवरच्या इंग्रजी शाळेची फी मी प्रचाराच्या आधीच भरली होती. गणवेश कपाटात इस्त्री करून ठेवला होता. महिनाभर ज्या शाळेसाठी मी भोंग्यावर घसा फोडला, तिथे माझं पोरगं घालावं हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. गुरुजी खुर्चीवर बसले. बायकोने चहा दिला. त्यांनी मुलाला जवळ घेऊन नाव विचारलं, दोनचा पाढा विचारला. त्याने इंग्रजीत म्हणून दाखवला. गुरुजी म्हणाले, “बरोबर आहे,” आणि त्याच्या पाठीवर हात फिरवला. दाखल्याची वही त्यांच्या मांडीवर होती. ती त्यांनी उघडली नाही. चहा संपवून ते उठले, ‘दमला असशील, दोन दिवस झोप काढ’ असं मला म्हणाले आणि गेले.

गुरुजींनी मला चौथीत कितीदा बाकावर उभं केलं असेल याची गणती नाही. त्या दिवशी त्यांनी मला काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर फार बरं झालं असतं.