बेचाळिसावं कलम

नागपूर विमानतळाच्या दारात बाबांनी माझ्या बॅगा ट्रॉलीवर चढवल्या आणि म्हणाले, "अर्धी पत्रकं वाटायची राहिली, अन् तू चालली." निरोप एवढाच. गटारात उतरणाऱ्या सफाई कामगारांसाठी आम्ही मोहीम चालवत होतो. पत्रकं मी लिहायचे, बाबा वस्तीत वाटायचे. बस डेपोच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेला माणूस. त्यांच्या लेखी मोहीम अर्ध्यात सोडणं म्हणजे पळून जाणं. आई रडत होती. बाबा घड्याळ बघत होते.

पाच वर्षं झाली. तुम्ही मागे राहून लढणारे, आणि तुम्ही माझ्यासारखे इथे येऊन विंटर टायर बदलणारे, दोघांनाही स्पष्ट सांगते: आपण पळून आलो, असं मलाही वाटायचं. इथे परदेशात, रेजिना शहरात, सरकारी ऑफिसात अर्ज तपासते. हिवाळ्यात रोज ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने उपसते. चौदा एप्रिलच्या जयंतीला कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये जळजळीत भाषण ठोकते, टाळ्या घेते, मग सगळे पॉटलकच्या, म्हणजे घरोघरून आणलेल्या जेवणाच्या, रांगेत उभे राहतो. तिकडे पत्रक वाटलं की पोलीस नाव विचारायचे. इथे लोक फक्त "नाइस" म्हणतात. त्या "नाइस"ची मला अजून चीड येते.

या उन्हाळ्यात बाबा पहिल्यांदा आले. तीन आठवडे ग्रोसरीच्या जाहिराती मन लावून वाचल्या, पण माझ्या कामाविषयी एक शब्द विचारला नाही. शेवटी एका शनिवारी मी त्यांना शेजारच्या शहरातल्या जुन्या कॅथेड्रलमध्ये नेलं. तिथे मॅग्ना कार्टाची हुबेहूब प्रत मांडली होती. आठशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या सरदारांनी राजाकडून लिहून घेतलेली हक्कांची सनद. माझा हेतू साधा नव्हता. जग जिच्या आरत्या ओवाळतं ती सनद सरदारांनी सरदारांसाठी केलेला सौदा होती, हे बाबांसमोर फाडून दाखवायचं होतं. पोरगी अजून तीच आहे, हे त्यांना दिसायला हवं होतं.

दारात बाबा बूट काढायला वाकले.

"बाबा, इथे नाही काढायचे."

"आठशे वर्षांचा कागद म्हणते, अन् जोडे घालून जायचं?"

पाटीवर लिहिलं होतं, इमारत ऐतिहासिक, शंभर वर्षं जुनी. बाबा हसले. "आपली लेणी पाहिली तर हे लोक चक्कर येऊनच पडतील."

आत काचेखाली तपकिरी चामड्यावर मुंग्यांसारखी लॅटिन अक्षरं होती, शेजारी इंग्रजी भाषांतराचे तक्ते. माहिती द्यायला लिंडा नावाच्या वयस्कर व्हॉलंटियर बाई उभ्या होत्या. मी थेट विचारलं, "यात सारखं 'फ्री मॅन' लिहिलंय. बाकीच्यांचं काय?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "बाकीचे यात नव्हतेच. बहुतेक शेतकरी जमीनदाराला बांधलेले होते. त्याच्या परवानगीशिवाय त्यांना गावसुद्धा सोडता येत नसे."

मी बाबांना मराठीत सांगितलं आणि वर जोडलं, "बघा! मी म्हणतच होते."

बाबांचं लक्ष नव्हतं. तक्त्यावर बोट ठेवून, मशीनवरची सूचना वाचावी तसं ते एकेक शब्द जुळवत होते. बेचाळिसावं कलम. कुणालाही राज्य सोडून जाता येईल आणि सुखरूप परत येता येईल.

"म्हंजे 'येतो' म्हणून निघायचा हक्क," बाबा म्हणाले.

लिंडाबाईंना मी ते जमेल तसं समजावलं. आमच्यात जाताना 'जातो' म्हणत नाहीत. त्या म्हणाल्या, "सुंदर आहे. पण पुढच्या वर्षी सनद नव्याने काढली, तेव्हा हे कलम गाळून टाकलं."

मी उसळले. "ऐकलं, बाबा? गाळलं!"

"गाळलं म्हंजे कोणाले तरी खुपलं," बाबा म्हणाले आणि बाकावर बसले. मीही बसले.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी कधी ऐकलं नव्हतं. "तुझा आजा भरदुपारी गाव सोडून नागपुरात आला. सरपण आणाले जातो म्हणून सांगितलं. खांद्यावर कुऱ्हाड, अंगावरचे कपडे, बस. खरं सांगितलं असतं तर पाटलानं अडवलं असतं. मेलेली ढोरं कोण ओढंन? सख्खा भाऊ त्याले मरेपर्यंत पळपुटा म्हणे."

"आणि तुम्ही?"

"मी कशाले म्हणतो? त्याच्या पळण्यानंच मी शाळेत गेलो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुले मात्र मनातल्या मनात म्हणत होतो. पाच वर्षं. चुकलंच माझं."

माझ्या डोक्यातली सगळी भाषणं संपली.

निघताना दाराशी पाहुण्यांची वही होती. बाबांनी स्वतःचं नाव लिहिलं, पुढे नागपूर. मग न विचारता खाली माझं नाव लिहिलं आणि पुढे ठळक देवनागरीत रेजिना. वाचून नागपूर सुटल्यासारखं वाटलं, आणि अंगावरचं ओझंही उतरलं.

तेव्हापासून घर कशाला म्हणायचं याबाबत माझा गोंधळ नाही. जिथून निघताना खोटं बोलावं लागत नाही, ते घर. आजोबांच्या गावाला आमच्यातलं कुणी घर म्हणत नाही, ते यामुळेच. नागपूरला मी म्हणते. आणि वहीतलं बाबांचं ते अक्षर पाहिल्यापासून रेजिनालाही.